तुमचं गाणं जपानमध्ये कोण नेणार?

ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारपेठेत अमेरिकेखालोखाल जपानचा क्रमांक लागतो, हे स्वतंत्रपणे संगीत करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी येतं. ते खरंही आहे. पण त्या भरवशावर अल्बम स्ट्रीमिंगवर चढवायचा, जाहिरातीत चार पैसे घालायचे आणि टोकियोहून काही येतंय का याची वाट बघायची, एवढ्याने हाती काही लागत नाही. या बाजारपेठेचा फार मोठा भाग जपानी कलाकारांच्या जपानी गाण्यांनी व्यापलेला आहे. दुकानात देशी संगीत एका मजल्यावर, परदेशी दुसऱ्या. आणि आपल्याकडच्या संगीताची रवानगी बहुधा परदेशीतल्याही 'वर्ल्ड' नावाच्या कप्प्यात होते.

तो कप्पा लहान आहे, पण बेवारस नाही. त्यात काय ठेवायचं हे ठरवणारा दुकानातला माणूस असतो, त्यावर लिहिणारा समीक्षक असतो, शनिवारी सकाळी रेडिओवर ते वाजवणारा निवेदक असतो, तळघरातल्या पन्नास-शंभर माणसांसमोर ते सादर करायला लावणारा आयोजक असतो. अनोळखी परदेशी कलाकारापर्यंत जपानी श्रोता बहुतेक वेळा यांच्यापैकी कोणाचं तरी बोट धरून येतो. त्यामुळे हजारो श्रोत्यांचा विचार पुढे करू. आधी असा एक माणूस शोधायचा आणि त्याला तुमच्याबद्दल बोलता येईल, लिहिता येईल, एवढं सामान त्याच्या हाती द्यायचं. पुण्यातला रॉक बँड असो, मुंबईचा बासरीवादक असो, की अभंगांना नव्या वाद्यमेळात बसवणारी गायिका, काम तेच.

याला इतिहासाचा आधार आहे. क्वीन हा ब्रिटिश बँड १९७५ मध्ये पहिल्यांदा हानेदा विमानतळावर उतरला तेव्हा चाहत्यांची झुंबड उडाली. ती जमीन 'म्युझिक लाइफ' या मासिकाने आधी नांगरून ठेवली होती. चीप ट्रिक या अमेरिकन बँडचा टोकियोच्या बुदोकान सभागृहातल्या मैफिलीचा अल्बम १९७८ मध्ये निघाला तो फक्त जपानपुरता. त्याच्या आयात प्रती अमेरिकेत खपू लागल्या, तेव्हा पुढच्या वर्षी तो तिथे काढावा लागला. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे रजनीकांतचा 'मुथू'. जून एदोकी या जपानी चित्रपट समीक्षकाच्या नजरेला तो सिंगापूरमध्ये पडला, त्याने तो जपानला आणवला, आणि १९९८ मध्ये टोकियोच्या शिबुया भागातल्या 'सिनेमा राइज' या छोट्या चित्रपटगृहात तो महिनोन्‌महिने चालला. जपानमधला भारतीय चित्रपटाच्या कमाईचा त्याचा उच्चांक मोडायला २०२२ मध्ये 'आरआरआर' यावा लागला. सिनेमा राइजच्या जागेत आता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नावाचं लाइव्ह हाऊस, म्हणजे मैफिलींची जागा, आहे. स्वतंत्र बँडने स्वप्न बघावं अशी ती जागा आहे.

सीडी काढा, आणि तिच्यात वाचायला काहीतरी द्या

आपल्याकडे सीडी विकत घेणारा माणूस आता शोधावा लागतो. जपानमध्ये अजूनही ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा सीडी, विनाइल, डीव्हीडी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंचा आहे. या आकड्याने हुरळून जाऊ नका. आवडत्या तरुण गटाच्या एकाच सीडीच्या दहा-दहा प्रती घेणारे चाहते त्यात भरपूर आहेत, आणि ते आपल्या वाट्याला येणार नाहीत. तरीही दुकानं आहेत हे महत्त्वाचं. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्स ही दुकानांची साखळी २००६ मध्ये बुडाली. जपानी टॉवर २००२ मध्येच मूळ कंपनीपासून वेगळी झाली होती, त्यामुळे वाचली. शिबुयातली तिची बहुमजली इमारत आजही संगीतवेड्यांचं ठिकाण आहे. डिस्क युनियन या साखळीने तर जॅझ, मेटल, प्रोग्रेसिव्ह रॉक अशी प्रकारवार वेगळी दुकानं थाटली आहेत.

जपानी आवृत्ती नेहमी जाडजूड का असते, त्यामागे एक कायदेशीर भानगड आहे. जपानमध्ये प्रकाशित झालेल्या सीडीची किरकोळ किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती कमी करता येत नाही. पुस्तकं आणि वर्तमानपत्रांनाही हाच नियम आहे आणि तो १९५३ पासून चालत आलेला आहे. आयात सीडीला मात्र तो लागू नाही. त्यामुळे त्याच अल्बमची परदेशातून आलेली प्रत शेजारच्या फळीवर स्वस्तात मिळते. मग महाग जपानी प्रत कोणी का घ्यावी? म्हणून कंपन्यांनी तिच्यात एखाद-दोन जादा गाणी, गाण्यांच्या शब्दांचं जपानी भाषांतर आणि जाणकाराने लिहिलेला परिचयलेख घालायला सुरुवात केली. डाव्या कडेला गुंडाळलेली 'ओबी' ही उभी कागदी पट्टीही त्यातलीच: तिच्यावर कलाकाराचं नाव, दोन ओळींची ओळख आणि किंमत. जुनी विनाइल गोळा करणारे लोक ओबी शाबूत असेल तर जास्त पैसे मोजतात.

यावरून तुमची तयारी अशी हवी. अल्बममधलं एखादं गाणं, किंवा त्याच गाण्याचं मैफिलीतलं ध्वनिमुद्रण, हातचं राखा. ते स्ट्रीमिंगवर टाकू नका. जपानी वितरकाशी बोलताना ते तुमचं नाणं आहे. पूर्ण जपानी आवृत्ती काढायला कंपनी तयार नसेल, तरी बाहेरून आलेल्या सीडीवर जपानी ओबी आणि परिचयपत्रक चढवून विकण्याची पद्धत तिथल्या लहान वितरकांमध्ये रुळलेली आहे. तीनशे-पाचशे प्रतींच्या व्यवहाराला ती परवडते आणि कोणावरच ओझं होत नाही.

परिचयलेख जपानी समीक्षकच लिहील, पण त्याला कच्चा माल तुम्हीच पुरवायचा, आणि इथेच आपले कलाकार सर्वात जास्त हात आखडतात. चरित्र म्हणून पाठवतात काय, तर 'लहानपणापासून संगीताची आवड' आणि पुरस्कारांची यादी. त्यातून समीक्षकाला एक ओळसुद्धा मिळत नाही. योगाकु, म्हणजे परदेशी संगीत, मन लावून ऐकणारा जपानी श्रोता श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचतो. कोणी काय वाजवलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं, वाद्य कोणाच्या हातचं, हे त्याला हवं असतं. तानपुरा मिरजेचा असेल तर ते लिहा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे लिहा. भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात आणि त्याच पंढरपूरच्या विठोबाचा अभंग तुम्ही त्या तानपुऱ्यावर गाता, हेही लिहा. संबळ, चौंडकं, दिमडी यांचे फोटो आणि प्रत्येकाची तीन-चार वाक्यांत ओळख द्या. राग असेल तर नुसतं नाव नको, आरोह-अवरोह आणि गाण्याची वेळ द्या. एवढं सामान मिळालेला समीक्षक अर्ध्या पानाऐवजी दोन पानं लिहितो.

शब्दांच्या भाषांतरावर पैसे खर्च करा. इंग्रजीतून जपानीत नेलेला अभंग बहुधा भुसा होऊन बाहेर पडतो. या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे: पुण्यात जपानी शिकण्या-शिकवण्याची परंपरा जुनी आहे, रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी वर्गांपर्यंत, आणि मराठीतून थेट जपानीत अर्थ सांगू शकणारी माणसं त्या शहरात सहज सापडतात. मसुदा त्यांच्याकडून घ्या आणि शेवटचा हात मातृभाषा जपानी असलेल्या माणसाकडून फिरवून घ्या. दोघांनाही श्रेय द्या, आणि अर्थात मानधनही.

नाव, वेळ आणि पडद्यावरची हजेरी

हे आटोपशीर सांगतो. परदेशी नावं जपानीत काताकाना लिपीत लिहितात आणि तिच्यात 'ल' आणि 'र' यांना एकच अक्षर आहे; आपले महाप्राण, 'ळ', 'ण' तर तिथे उतरतच नाहीत. तुम्ही ठरवलं नाही, तर एक दुकान तुमचं नाव एका प्रकारे लिहील, मासिक दुसऱ्या, स्ट्रीमिंग सेवा तिसऱ्या, आणि शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. जाणकाराला विचारून एक रूप पक्कं करा आणि ते सीडी, पोस्टर, यूट्यूब, वितरण सेवेचा अर्ज या सगळीकडे अक्षर न बदलता वापरा. जपानमध्ये गाणी पोचवणाऱ्या वितरण सेवांच्या अर्जात नावाच्या जपानी रूपासाठी वेगळी जागा असते; ती रिकामी सोडू नका.

स्पॉटिफाय जपानमध्ये पोचलं ते २०१६ मध्ये, म्हणजे बरंच उशिरा. त्याच्या जोडीला ॲपल म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक, लाइन म्युझिक अशा सेवा चालतात, तेव्हा वितरकाच्या यादीत स्थानिक सेवाही आहेत ना, हे तपासून घ्या. बोलण्या-सांगण्याचं काम मात्र मोठ्या प्रमाणावर एक्सवर होतं, ज्याला तिथे अजूनही लोक ट्विटर म्हणतात. मैफिलीहून परतणारा श्रोता रेल्वेतच चार ओळी लिहितो. त्यामुळे जपानीतलं वेगळं खातं एक्सवर हवंच. रोज लिहिलं नाही तरी चालेल, पण कोणी तुमचा उल्लेख केला तर त्याला उत्तर गेलं पाहिजे. यूट्यूबच्या व्हिडिओंना जपानी उपशीर्षकं द्या. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. रात्री अकराला मुंबईतून टाकलेली बातमी टोकियोत पहाटे अडीचला पोचते.

दिल्लीच्या ब्लडीवूडची गोष्ट या संदर्भात बघण्यासारखी आहे. प्रसिद्ध गाण्यांची मेटल रूपं यूट्यूबवर टाकत या बँडने सुरुवात केली, मग ढोल आणि बासरी घेऊन स्वतःची गाणी. २०२२ मध्ये तो निइगाता प्रांतातल्या नाएबाच्या फूजी रॉक महोत्सवात वाजला. कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला जात होता, आणि जपानी ट्विटरवर त्या दिवशी बँडचं नाव गाजलं. २०२४ च्या अखेरीस बेबीमेटल या जपानी गटाबरोबर त्याचं 'बेखौफ' हे गाणं आलं. या यशाचं श्रेय नुसत्या नशिबाला द्यायला मी तयार नाही. ज्या क्षणी जपानी प्रेक्षकाने नाव शोधलं, त्या क्षणी त्याला ऐकायला पूर्ण अल्बम आणि बघायला नीट काढलेले व्हिडिओ तयार होते. एका संध्याकाळी लोकांचं लक्ष गेलं, तर पुढच्या तासात त्यांना काय सापडेल, हे आधी बघून ठेवा.

कोणाला लिहायचं

टॉवरच्या दुकानात अल्बमखाली हाताने लिहिलेली छोटी कार्डं दिसतात. दुकानातल्याच कोणीतरी ऐकून, आवडून लिहिलेली असतात. शेजारी ऐकण्याचं यंत्र आणि हेडफोन. अनोळखी कलाकाराच्या दहा-वीस प्रती या एका कार्डावर जातात, आणि हे कार्ड जाहिरात विभागाकडून विकत घेता येत नाही. वर्ल्ड म्युझिक किंवा तुमच्या प्रकाराचा विभाग बघणाऱ्या माणसापर्यंत सीडी पोचवा. स्वतः टोकियोत असाल तर दुकानात जा, गर्दी नसलेल्या वेळी, आधी त्यांच्याकडून एक-दोन सीडी विकत घ्या आणि मग तुमची द्या.

टॉवरच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या मासिकांत 'बाउन्स' आणि 'इन्टॉक्सिकेट' ही नावं लक्षात ठेवा. दुसऱ्यात जॅझ, शास्त्रीय आणि वर्ल्ड संगीताला चांगली जागा असते. 'म्युझिक मॅगझिन' १९६९ पासून चालू आहे आणि आशिया-आफ्रिकेच्या संगीताकडे गांभीर्याने बघतं. मेटल वाजवत असाल तर १९८४ पासूनचं 'बर्न'. रेडिओवर पीटर बाराकन यांचं नाव घ्यायलाच हवं. हे मूळचे लंडनचे, १९७४ मध्ये जपानला आले आणि तिथलेच झाले. एनएचके एफएमवरच्या 'वीकेंड सनशाइन'मधून त्यांनी जगभरचे किती कलाकार जपानी घरांत नेले याची गणती नाही.

मासिकं दोन-तीन महिने आधी पानं ठरवतात. तिथे सीडी बहुधा बुधवारी बाजारात येते, जगात इतरत्र शुक्रवारी. तारीख वितरकाशी बोलून ठरवा. पत्र जपानीत, लहान. तुम्ही कोण, हे संगीत कोणाच्या चाहत्याला आवडेल, ऐकण्यासाठी एकच दुवा, सीडी कुठे पाठवू, आणि जपानला केव्हा येताय. 'जगातलं एकमेव' वगैरे भाषा अजिबात नको. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, मग थांबायचं. वीस जणांना एकच पत्र पाठवून आलेल्या नकारापेक्षा तिघांना त्यांचं काम वाचून लिहिलेलं पत्र परवडतं.

इथे एक सापळा आहे. योगवर्ग, करी आणि अध्यात्म यांच्या आसपास भारतीय संगीताला जपानमध्ये एक तयार जागा मिळते. योगशाळा, कॅफे, कधी मंदिरात छोटी मैफल. बासरी किंवा संतूर वाजवणाऱ्याला ती पहिली पायरी म्हणून वाईट नाही, श्रोते प्रेमळ असतात. पण पोस्टरवर एकदा 'मनःशांतीचं संगीत' छापलं गेलं की त्या कप्प्यातून बाहेर पडणं अवघड. पारंपरिक पोशाखाचंही तेच. शोभत असेल तर घाला, आयोजकाने मागितला म्हणून नको.

दुसरा सापळा आपलीच माणसं. टोकियोत मराठी मंडळ आहे, त्याचा गणेशोत्सव होतो. योयोगी पार्कात 'नमस्ते इंडिया' भरतो. निशी-कासाईत भारतीयांची वस्ती आहे. तिथे गा, जरूर गा, जेवण उत्तम मिळतं. पण समोरचे पाचशे प्रेक्षक तुमचे आधीच आहेत. त्यांचा फोटो जपानी आयोजकाला पाठवून फार काही साधत नाही. त्याला जपानी श्रोत्यांसमोरची तीस माणसांची मैफल जास्त सांगते. महोत्सवांत तोयामा प्रांतातल्या नान्तो शहराचा 'सुकियाकी मीट्स द वर्ल्ड' १९९१ पासून जगभरच्या लोकसंगीताला बोलावतो. आकाराने फूजी रॉकच्या पासंगाला पुरणार नाही, पण आपल्या लोकसंगीताला मी आधी त्याचंच दार ठोठवायला सांगेन.

लाइव्ह हाऊसचा हिशेब

जपानमधली स्वतंत्र संगीताची दुनिया लाइव्ह हाऊसवर चालते: शिंजुकुचं लॉफ्ट, शिमोकिताझावाचं शेल्टर, शिबुयाचं क्वात्रो, आणि त्यांच्याहून लहान असंख्य तळघरं. त्यांचं अर्थकारण कळल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

पहिली गोष्ट 'नोरुमा'. म्हणजे कोटा. समजा तिकीट २,००० येनचं आणि कोटा १५ तिकिटांचा. तुमच्या नावावर आठच माणसं आली, तर उरलेल्या सात तिकिटांचे १४,००० येन तुम्ही भरायचे. कोट्यापेक्षा जास्त आली, तर वरच्या रकमेतला ठरलेला भाग तुम्हाला. आपल्याकडच्या कलाकाराला हे ऐकून राग येतो आणि तो रास्त आहे, पण ही तिथली जुनी रीत आहे आणि जपानी बँडही तिच्यावर कुरकुरतात. दारात तिकीट तपासणारा प्रत्येकाला विचारतो, आज कोणासाठी आलात? त्या उत्तरावर तुमच्या खात्यातली माणसं मोजली जातात. तुमच्या ओळखीच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर ते संकोचाने 'सगळ्यांसाठी' म्हणतील आणि ती नोंद तुमच्या खात्यात पडणार नाही. तिकिटाखेरीज प्रत्येक प्रेक्षकाला एका पेयाचे ५००-६०० येन सक्तीने द्यावे लागतात, कारण बहुतेक लाइव्ह हाऊसांचा परवाना खाद्यपेयगृहाचा असतो. त्या पैशांत तुमचा वाटा नाही.

म्हणून पहिल्या दौऱ्यात स्वतःच्या नावावर जागा घेऊ नका. एका संध्याकाळी चार-पाच बँड वाजवतात, त्यांना एकमेकांचे 'ताइबान' म्हणतात. अशा कार्यक्रमात एखाद्या स्थानिक बँडचे पाहुणे म्हणून उभे राहा. तो बँड स्वतःचे श्रोते आणतो, कोट्याचं ओझं बहुधा तो आणि आयोजक वाटून घेतात, आणि तुम्ही तीस मिनिटं त्यांच्या श्रोत्यांसमोर वाजवता. असा बँड शोधायला वर्षभर आधीपासून त्यांचं संगीत ऐका, त्याबद्दल लिहा, एखाद्या गाण्यात साथ द्या. तो बँड भारतात आला तर त्याची सोय तुम्ही करायची, हे न बोलता ठरलेलं असतं. पुण्या-मुंबईत तुमची थोडी चलती असेल तर हा सौदा दोघांच्या फायद्याचा आहे.

वेळेचा भाग फार महत्त्वाचा. दार सहाला उघडलं तर साडेसहा-सातला सुरुवात होते, आणि ती त्याच मिनिटाला. शेवटच्या लोकलच्या हिशेबाने सगळं आवरतं. ध्वनिचाचणीला तुमच्या वाट्याला वीस मिनिटं आली तर एकविसावं मिनिट दुसऱ्या बँडचं आहे. तबला मंचावर जुळवत बसायची आपली सवय इथे सोडावी लागते; खोलीतच स्वर लावून या, आणि वातानुकूलित खोलीतून दिव्यांच्या उष्णतेत गेल्यावर पुडी किती चढते हे चाचणीच्या वेळी बघून ठेवा. तीस मिनिटांत विलंबित ख्याल बसत नाही. त्यासाठी वेगळी, बसून ऐकायची जागा मागा, आणि ती जपानमध्ये मिळते.

विक्रीचं टेबल हाच खरा धंदा. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक रांग लावतात, सीडी घेतात, सही मागतात, स्वतःचं नाव लिहून द्यायला सांगतात. टेबलामागे स्वतः उभं राहायचं. साथीदाराला बसवून आपण खोलीत चहा प्यायचा नाही. टी-शर्टचे लहान आणि मध्यम मापाचे नग जास्त न्या. छोटे टॉवेल खपतात. रोख सुट्टे पैसे ठेवा आणि मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय आयोजकाच्या मदतीने करा. झटपट निघणाऱ्या फोटोचा 'चेकी' कॅमेरा तिथल्या बहुतेक टेबलांवर दिसतो: कलाकाराबरोबर फोटो, त्यावर सही, वेगळी किंमत. काहींना हे उथळ वाटेल. पेट्रोलचा खर्च मात्र त्यातून निघतो.

व्हिसा, कर आणि हक्क

पर्यटक व्हिसावर मानधनाचा कार्यक्रम करू नका, 'सगळेच करतात' असं कोणी सांगितलं तरी. कलाकारांसाठी 'कोग्यो', म्हणजे मनोरंजन, हा वेगळा निवास-दर्जा आहे. त्यासाठीचं पात्रता प्रमाणपत्र जपानमधल्या निमंत्रकाने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून काढायचं असतं; ते आल्यावर तुम्ही इथे व्हिसाचा अर्ज करता. याला वेळ लागतो. निमंत्रक हे कागद करायला तयार नसेल तर तो निमंत्रक नव्हे.

अनिवासी कलाकाराच्या मानधनातून जपानमध्ये सध्या २०.४२ टक्के कर मुळातच कापला जातो. म्हणून १,००,००० येन ठरताना हातात ७९,५८० येणार की करासह आणखी वर, हे पत्रात स्पष्ट लिहून घ्या. कर कापल्याचा दाखला मागून घ्या. भारतात विवरणपत्र भरताना त्याचा आधार लागतो, आणि सहा महिन्यांनी मागितला तर दोन्हीकडे त्रास.

गीत-संगीत तुमचं असेल तर आयपीआरएस या आपल्याकडच्या रॉयल्टी वसुली संस्थेचं सभासदत्व घेऊन गाण्यांची नोंद आधी करा. जपानमधली जुनी वसुली संस्था 'जासराक', १९३९ सालची; तिच्याकडे जमलेली रॉयल्टी परस्पर कराराने आपल्या संस्थेमार्फत येते, पण नोंद नसेल तर पैसे कोणाचे हे कळणार कसं? कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी लाइव्ह हाऊसला द्या. पारंपरिक रचना असेल तर ती पारंपरिक आणि चाल किंवा वाद्यरचना तुमची, असं स्वच्छ लिहा. जपानी कंपनीशी करार करताना हक्क फक्त जपानपुरते आणि ठरावीक वर्षांपुरते द्या. भाषांतराचा, ओबीचा आणि परिचयलेखाचा खर्च कोणाचा, हे त्यातच नमूद करा.

जपानीत गावं का?

सरसकट उत्तर नाही. दक्षिण कोरियाची बोआ २००१ मध्ये जपानमध्ये आली ती भाषा शिकून, आणि पुढच्याच वर्षी ओरिकॉन या जपानी खपाच्या क्रमवारीतल्या अल्बम यादीत पहिली आलेली पहिली कोरियन कलाकार ठरली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा जेरो २००८ मध्ये एन्का ही जुन्या वळणाची जपानी गाणी गाऊन नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या 'कोहाकु' या टीव्ही कार्यक्रमापर्यंत पोचला. त्याची आजी जपानी होती आणि ती गाणी तो लहानपणापासून ऐकत होता. दोघांनी भाषेत वर्षं घातली. क्वीनने १९७६ च्या एका गाण्यात फक्त ध्रुवपद जपानीत घेतलं आणि तेवढ्यावर जपानी चाहते आजही खूश आहेत. तुम्ही मराठीतच गा, आणि दोन गाण्यांमधलं बोलणं जपानीत करा: स्वतःचं नाव, पुढचं गाणं कशाबद्दल आहे याची दोन वाक्यं, टेबलावर सीडी आहे हे. पाठ करून, सावकाश.

समोरून 'वा' येणार नाही. गाणं चालू असताना सभागृह इतकं शांत असतं की पहिल्यांदा जाणाऱ्या भारतीय गायकाला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं आणि तो लय वाढवतो, आवाज वाढवतो, वाट चुकतो. लय सोडू नका. शेवटचा स्वर विरल्यावर टाळ्या येतात. शेवटी एका लयीत टाळ्या चालू राहिल्या की पुन्हा मंचावर यायचं असतं, त्यासाठी एक गाणं राखून ठेवा. 'आणखी कोणतं गाऊ?' असं श्रोत्यांना विचारलं तर पूर्ण शांतता पसरेल.

पहिल्या दौऱ्यात पैसे सुटतील अशी आशा धरू नका. व्हेंचर्स हा अमेरिकन बँड १९६२ मध्ये पहिल्यांदा जपानला गेला आणि पुढे दशकानुदशकं जातच राहिला. जपानी गायकांनी गायलेल्या गाण्यांच्या चालीही त्याने दिल्या. तिथल्या श्रोत्याला परत येणारा कलाकार आवडतो, आणि आयोजकाला तर फक्त तोच परवडतो. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत दीड वर्षापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. जमत नसेल तर मध्ये एखादं नवं गाणं खास जपानसाठी काढा. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत आयोजकाला, सोबतच्या बँडला आणि कार्ड लिहिणाऱ्या दुकानातल्या माणसाला स्वतंत्र पत्रं पाठवा. आयोजकाच्या पत्रात किती सीडी विकल्या गेल्या तो आकडा लिहा, आणि पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात यायला जमेल हेही. मे महिन्याच्या सुरुवातीची सलग सुट्टी, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेर सोडून.